स्वर्गाचं नागरिकत्व असलेल्याने इथल्या सत्तेच्या कामात उतरावं का?

वाटसरू

"आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे." हे वाक्य मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वारंवार ऐकू येतं, आणि ते नेमकं कधी काढलं जातं ते पाहिलं की मला राग येतो. कुणाची मजुरी बुडवली, कुणावर खोटा खटला भरला, मतदान जवळ आलं, की कोणीतरी हे वाक्य पुढे करतं आणि विषय मिटतो. वाक्य प्रेषित पौलाचं आहे, बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं (३:२०). पण ज्या नगराला त्याने ते लिहिलं, त्याच नगरात तो स्वतः कसा वागला होता?

फिलिप्पै ही रोमी वसाहत. इ.स.पू. ४२च्या लढाईनंतर तिथे सैनिक वसवले गेले. नागरिक असणं म्हणजे काय, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत असणार. तिथे पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता चारचौघांत छड्या मारल्या आणि पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६). मध्यरात्री भूमिकंप झाला. बंदिशाळेच्या नायकाने त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला. आपण बहुतेक वेळा गोष्ट इथेच थांबवतो.

सकाळी अधिकाऱ्यांचे चोपदार निरोप घेऊन आले, ह्या माणसांना सोडून द्या. पौल उठून गेला नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चौकशीवाचून सर्वांदेखत मारलं आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या केल्या. मग पौल लुदिया नावाच्या विश्वासणारीच्या घरी गेला, तिथल्या विश्वासणाऱ्यांना धीर दिला आणि नगर सोडलं. मला वाटतं, तो हट्ट त्याने स्वतःच्या मानासाठी धरला नाही. मागे राहणाऱ्या त्या नव्या मंडळीवर उद्या कोणी सहज हात टाकू नये, म्हणून धरला.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. देवाच्या राज्याचा नागरिक मतदान करतो, सरकारी पद घेतो, दुसऱ्याच्या न्यायासाठी न्यायालयाची पायरी चढतो. हे त्याच्या शिष्यपणातच मोडतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

परदेशी

बंधू, मला पटत नाही.

पौलाने छड्या खाल्ल्यावर आपला हक्क सांगितला, हे खरं. पण तो फिलिप्पैचा अधिकारी व्हायला गेला नाही. हक्क मागणं वेगळं आणि सत्ता हाती घेणं वेगळं. तुम्ही दोन्ही एकाच ओळीत बसवलंत.

भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक येशूला बळजबरीने राजा करणार होते, तेव्हा तो डोंगरावर एकटा निघून गेला (योहान ६:१५). सैतानाने जगातली सगळी राज्यं दाखवली तेव्हाही त्याने नाकारली. त्या सत्तेतून किती चांगलं करता आलं असतं याचा हिशोब तो करत बसला नाही. रोमी सुभेदार पिलातासमोर तो म्हणाला, "माझे राज्य ह्या जगाचे नाही", आणि पुरावाही दिला: तसं असतं तर माझ्या सेवकांनी लढाई केली असती. ह्या राज्याची ओळखच त्याने तलवार न उचलण्यावरून सांगितली. सरकार मात्र शेवटी तलवारीवरच उभं असतं. कायदा मोडला की पोलीस येतात, त्यांच्यामागे तुरुंग असतो.

मंडळीने ही सीमा ओलांडली तेव्हा काय झालं, ते इतिहासात आहे. ३१३ साली रोमी साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला. ३८० साली एक विशिष्ट ख्रिस्ती पंथमत साम्राज्याचा अधिकृत धर्म झालं. ३८५च्या सुमारास ट्रिअर इथे प्रिसिलियन नावाच्या बिशपला मृत्युदंड झाला, आणि त्याच्यावर आरोप करणारेही बिशपच होते. छळ सोसणाऱ्यांकडून छळ करणाऱ्यांकडे जायला पाऊणशे वर्षंही लागली नाहीत. तूरचा बिशप मार्टिन याने सम्राटाकडे रक्त सांडू नका म्हणून गयावया केली. त्याचं ऐकलं गेलं नाही.

१५२७ साली स्वित्झर्लंडमधल्या श्लाइटहाइम इथे जमलेल्या अनाबाप्टिस्ट (प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या) बंधूंनी म्हणूनच लिहून ठेवलं, की ख्रिस्ती माणसाने न्यायाधीशाचं, शासकाचं पद घेऊ नये. मिखाएल झाटलर त्यांच्यातला मुख्य. काही महिन्यांतच त्याला जाळलं, पुढे काही दिवसांनी त्याच्या पत्नीला बुडवून मारलं, आणि हे करणारे सगळे स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते.

मीठ

परदेशीबंधूंच्या दाखल्यांवर माझा आक्षेप नाही. पण ज्यांनी सत्ता सोडली, त्यांच्या जागी कोण बसलं, हा प्रश्न ते विचारत नाहीत.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पत्र लिहिलं (अध्याय २९): घरं बांधा, मळे लावा, लेकीसुनांचा संसार बघा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते नगर शत्रूचं होतं. यरुशलेम बाबेलच्याच राजाने घेतलं होतं. दानीएल त्याच दरबारात काम करत होता. योसेफाने फारोच्या कारभारात धान्य साठवलं म्हणून दुष्काळात माणसं वाचली. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल ज्यांचे सलाम कळवतो, त्यांत नगराचा खजिनदार एरास्तही आहे. त्याला कोणी राजीनामा द्यायला सांगितल्याचं दिसत नाही.

रोम तेरा

मला वाटतं आपण साधी गोष्ट अवघड करतोय. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडा. अधिकार देवाने नेमले आहेत, त्यांच्या अधीन राहा, कर भरा, मान द्या. पद घ्यायचं तर घ्या, नसेल घ्यायचं तर घेऊ नका, पण सरकारला विरोध करणं हे विश्वासणाऱ्याचं काम नाही. येशूनेही कैसराचं, म्हणजे रोमी सम्राटाचं, कैसराला द्यायलाच सांगितलं.

वाटसरू

@रोम तेरा, ते नाणं जरा जवळून बघू या. प्रश्न विचारणाऱ्यांना येशूने दिनार आणायला सांगितला. मंदिराच्या आवारात त्यांच्याचजवळून तो निघाला. त्या काळच्या दिनारावर सम्राट तिबिर्याची मुद्रा असे आणि तो दैवी ऑगस्टसचा पुत्र असल्याचा लेख असे. येशू विचारतो, ही मुद्रा कोणाची? कैसराची. तर ज्याच्यावर त्याची मुद्रा आहे ते त्याला द्या, आणि देवाचं देवाला. मग देवाची प्रतिमा कशावर आहे? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात उत्तर आहे: माणसावर. कैसराला नाणं मिळेल, माणूस मिळणार नाही. ह्या वचनातून सरकारला अमर्याद आज्ञापालन कसं निघतं?

आणि तेराव्या अध्यायात पौल सांगतो, की अधिकारी चांगल्या कामासाठी देवाचा सेवक आहे. सेवकाला सीमा असते. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात, तेच साम्राज्य समुद्रातून वर येणारं श्वापद म्हणून दिसतं. दोन्ही तेरावे अध्याय एकत्र वाचायला हवेत.

मीठ

जर्मनीत १९३३ नंतर, हिटलरच्या राजवटीत, रोमकर १३ हाच अध्याय दाखवून मंडळ्यांना गप्प बसवलं गेलं. मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी घोषणापत्र काढलं. आपल्या आयुष्याचा असा एकही भाग नाही जिथे आपण येशू ख्रिस्ताचे नसून दुसऱ्या कुठल्या धन्याचे असतो, ही त्यातली मुख्य भूमिका. मसुदा मुख्यतः ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक कार्ल बार्थचा. देवाच्या राज्याचं नागरिकत्व म्हणजे काय, हे मला तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

परदेशी

बार्मेनबद्दल मलाही आदर आहे, पण पुरतं सांगा. त्या घोषणापत्रात ज्यूंचा उल्लेख नाही. मंडळीने आपलं स्वातंत्र्य राखलं, शेजाऱ्याचं नाव घेतलं नाही. राष्ट्राशी इतकी वर्षं जुळवून घेतल्यावर डोळ्यांवर जी झापड येते, तिचंच मला भय आहे.

मीठ

ते नाव नाही, हे खरं आहे आणि ते लज्जास्पद आहे. पण त्याच मंडळीतला पाळक डीट्रिख बोनहोफर याने १९३३ मध्येच ज्यूंवरच्या अन्यायाबद्दल लिहिलं होतं. चाकाखाली सापडलेल्यांच्या जखमा बांधणं पुरेसं नाही, चाकच अडवावं लागेल, असा त्याचा रोख होता. एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिलं. तुमच्या मार्गाने चाक कसं अडवणार?

परदेशी

गुलामीचं उदाहरण घ्या. १६८८ साली पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउनच्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. ते क्वेकर मंडळीतले, म्हणजे शपथ आणि शस्त्र नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथातले, साधे लोक होते. १७८३ मध्ये ब्रिटिश संसदेकडे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध अर्ज गेला, तोही क्वेकरांचाच. शपथ घेत नसल्यामुळे त्यांना संसदेत बसता येत नव्हतं. १७८७ला लंडनमध्ये समिती झाली, तिच्या १२ सदस्यांपैकी ९ क्वेकर. चाकाला पहिला हात सत्तेबाहेरच्यांनी घातला. त्यांचं पोट, पद, पक्ष यांतलं काहीच त्या व्यवस्थेत अडकलेलं नव्हतं, म्हणून त्यांना ते आधी दिसलं.

वाटसरू

आणि कायदा कोणी केला? ब्रिटिश संसदेचा सदस्य विल्यम विल्बरफोर्स १७८५च्या सुमारास विश्वासात आला तेव्हा राजकारण सोडायच्या विचारात होता. जॉन न्यूटनने, जो स्वतः गुलामांच्या जहाजावर कप्तान राहिलेला पाळक, त्याला तिथेच राहायला सांगितलं. विधेयक वर्षानुवर्षं पडत राहिलं. १८०७ मध्ये व्यापार बंद करणारा कायदा झाला. अर्ज लिहिणारे होते तसे सभागृहात हात वर करणारेही हवे होते. न्यूटनने तुमचा सल्ला दिला असता, तर किती जहाजं आणखी किती वर्षं फिरली असती?

परदेशी

पुढचंही बोला. १८३३च्या ब्रिटिश कायद्याने गुलामगिरी संपवली आणि २ कोटी पौंडांची भरपाई ठरवली, ती मालकांना. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून पाठी सोलून घेतल्या, त्यांना एक छदामही नाही. उलट त्यांना आणखी काही वर्षं 'उमेदवार' म्हणून त्याच मळ्यांत बांधून ठेवलं. बार्बाडोसमध्ये एका मिशनरी संस्थेचाच उसाचा मळा होता, गुलामांसकट. येशूचं डोंगरावरील प्रवचन डोळ्यांपुढे ठेवून कोणी असा कायदा लिहिला असता का? सभागृहात बसलं की शक्य तेवढंच मागायची सवय लागते. मंडळीने देवाला हवं ते मागायचं असतं. शिष्यांना अर्ध्या भाकरीत समाधान मानायला शिकवणारं राज्य मला येशूच्या तोंडी दिसत नाही.

वाटसरू

हा मुद्दा जबर आहे, त्याला झटकून टाकणारं उत्तर माझ्याकडे नाही. तरी बेडी निघालेल्या माणसाला तो कायदा अर्धा वाटला असेल का, हे त्यालाच विचारायला हवं होतं.

कारकून

वर विद्वान माणसं बोलत आहेत, मी रोजचं बोलते. मी सरकारी कचेरीत टेबलावर काम करते. मला कोणी मंत्री करणार नाही आणि मला कोणाची तलवार चालवायची नाही. माझ्यापुढे फाइली येतात.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि शिपाईही आले. आम्ही काय करावं, असं त्यांनी विचारलं (लूक, अध्याय ३). जकातदारांना तो म्हणाला, ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, कोणाला धाक घालून पैसे उकळू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात तृप्त राहा. नोकरी सोडा म्हणाला नाही. मला हे वचन खूप आधार देतं, कारण ते माझ्या टेबलापर्यंत येतं.

एकदा एका कागदावर मागची तारीख टाकायला मला सांगण्यात आलं. त्या तारखेने एका कुटुंबाचा जमिनीवरचा दावा मुदतीबाहेर गेला असता. मी टाकली नाही. साहेब ओरडले नाहीत, "बाई, तुम्ही फार साध्या आहात," एवढंच म्हणाले. पुढच्या महिन्यात माझं टेबल बदललं. त्या फाइलीचं नंतर काय झालं, ते मला कळू दिलं नाही. पण माझ्या हातून ती तारीख पडली नाही. मंडळीतल्या सगळ्यांनी 'हे जगाचं काम' म्हणून अशा खुर्च्या सोडल्या, तर मागची तारीख टाकायला कोणी ना कोणी बसेलच.

रोम तेरा

ताई, तुम्ही वरिष्ठांची आज्ञा मोडलीत, हे तुम्हाला जाणवलं का?

कारकून

जाणवलं, भाऊ. म्हणूनच त्या रात्री झोप लागली नाही. पण पेत्र आणि प्रेषित न्यायसभेपुढे म्हणाले ना, "आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे." त्यांनी ते म्हटलं, फटके खाल्ले आणि आनंदाने गेले. माझं तर नुसतं टेबल बदललं.

परदेशी

ताई, तुमच्या टेबलाला माझा विरोध नाही. पण एक विचारतो, आणि खऱ्या मनाने विचारतो. खुर्चीत राहणारा प्रत्येक जण म्हणतो, माझ्याऐवजी दुसरा वाईट बसेल. ह्याच वाक्यावर माणसं पार शेवटपर्यंत बसून राहिली आहेत, भयंकर जागी बसून राहिली आहेत. तुम्ही कुठल्या दिवशी उठाल? ते आज ठरलेलं नसेल तर त्या दिवशी ठरणार नाही.

कारकून

ठरलेलं आहे. खोटं लिहिल्याशिवाय जिथे कामच होत नाही, अशा टेबलावर बसवलं तर त्याच दिवशी उठेन. गरिबाला हाकलण्याच्या आदेशावर सही मागितली आणि तो आदेश कायद्यात बसत असला तरी अन्यायाचा असला, तर सही करणार नाही, लेखी कारण देईन आणि मग जे होईल ते. हे मी घरी नवऱ्याला आणि मंडळीतल्या दोन बहिणींना सांगून ठेवलंय. मी डगमगले तर त्यांनी मला आठवण करून द्यायची आहे. पाळकांनाही सांगितलं. ते म्हणाले, नोकरी गेली तर घराचा खर्च मंडळी बघेल का, हे पुढच्या सभेत विचारू.

परदेशी

त्या सभेत काय ठरलं?

कारकून

सभा पुढच्या रविवारी आहे.