मोठी बॅटरी घ्यायची की घाटघरसारखं पाणीच वर चढवायचं?

खटपट्या: दुपारी सोलर उतू जातंय आणि संध्याकाळी सातला सगळ्यांचे एसी, गिझर एकदम. मग ग्रिडला मोठ्या बॅटऱ्या का नकोत? साउथ ऑस्ट्रेलियात २०१६ ला अख्खं राज्य अंधारात गेलं, नंतर टेस्लाचा मस्क म्हणाला करारापासून १०० दिवसांत बॅटरी नाही बसवली तर फुकट, आणि २०१७ संपायच्या आत हॉर्न्सडेलला १०० मेगावॉटची चालूसुद्धा झाली. आपल्याकडे तेवढ्यात भूमिपूजनाला मंत्र्यांची तारीख मिळत नाही.

सह्याद्रीकर: चालायची किती वेळ ते पण सांगा की! सुरू झाली तेव्हा १२९ मेगावॉट-तास, म्हणजे फुल लोडवर सव्वा तास. आणि २०१६ ला तिकडे वादळात टॉवर आडवे झालेले, बॅटरी काय टॉवर उभे करणार? आपला घाटघरचा जलविद्युत प्रकल्प बघा, २५० मेगावॉट, वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सोडून वीज बनवायची. लिथियमसाठी चीनच्या दारात उभं राहायला नको.

खटपट्या: टॉवरचं मान्य. पण बॅटरीचं मेन काम फ्रिक्वेन्सी, म्हणजे ग्रिडमधल्या विजेचा सेकंदाला ५० आवर्तनांचा ठेका, सांभाळणं. डिसेंबर २०१७ ला तिकडच्याच व्हिक्टोरिया राज्यातल्या लॉय यांगचा ५६० मेगावॉटचा कोळशाचा संच ट्रिप झाला, फ्रिक्वेन्सी ५० वरून घसरली, तर ही हॉर्न्सडेलची बॅटरी हजारेक किलोमीटरवरून पापणी लवायच्या आत वीज सोडायला लागली. टर्बाइन तेवढ्यात फिरायला पण लागत नाही.

सह्याद्रीकर: सोडली किती? सात मेगावॉट. गेले ५६०, आले सात 😄 आणि कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगची मोठी बॅटरी जानेवारी २०२५ ला पेटली, हजारावर लोकांना घरं सोडावी लागली, ते सोयीस्कर विसरलात.

खटपट्या: ती जुन्या टर्बाइन हॉलमध्ये एकाला एक चिकटून रचलेली होती हो. आता वेगळ्या केमिस्ट्रीचे सेल, सुटे कंटेनर, मधे अंतर.

बोरवेलवाला: तुमचं चालू द्या. आमच्याकडे पंपाची थ्री फेज वीज रात्री दोनला यायची, टॉर्च घेऊन स्टार्टरच्या पेटीशी जायचं, एकदा आत नागच बसलेला. आत्ता कुठं सोलर फीडरमुळं, म्हणजे शेतीच्या लाइनला सोलरची वीज जोडल्यामुळं, दिवसा मिळायला लागली, ती पण डब्यात भरून संध्याकाळी शहराला देणार काय?

खटपट्या: दादा, उरलेलीच भरायची.

बोरवेलवाला: उरलेली कोण ठरवणार, तुम्ही का आम्ही?

सह्याद्रीकर: आणि सेल म्हातारे झाले की बदलायचा खर्च? बिलात इंधन समायोजन आकार आहेच, खाली अजून एक ओळ वाढेल.