आजीचे दोन रुपये: वजन सारखं, मग भावात एवढा फरक का?

कृष्णाकाठ
मंडळी, आजीच्या ट्रंकेत तिच्या चांदीच्या गोठ-तोड्यांशेजारी दोन रुपये सापडले. एकावर व्हिक्टोरिया राणी, १८६२. दुसऱ्यावर सहावा जॉर्ज, १९४४. दोन्ही तोळाभर वजनाचे, पण सराफ पहिल्याचा भाव जवळजवळ दुप्पट सांगतो. फसवत तर नाही ना?

जुना_बंदा
नाही हो, बरोबर सांगतोय. १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे तोळाभर, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. युद्धात, १९४० साली, चांदी निम्म्यावर आणली.

पण माझं लक्ष त्या गोठ-तोड्यांकडे गेलं. १८९३ पर्यंत कुणीही मुंबईच्या टाकसाळीत चांदी द्यावी, थोडी घडणावळ कापून रुपये घ्यावेत. अंगावरचा दागिना म्हणजे साठवलेले रुपयेच. १८७६-७८ च्या दुष्काळात लोकांचे दागिने असेच टाकसाळीत जाऊन वितळले. पण जर्मनीसारखे देश १८७१-७३ पासूनच सोन्याकडे वळले होते आणि चांदी गडगडत गेली. जून १८९३ मध्ये सरकारने टाकसाळ लोकांना बंद केली. नवे रुपये कमी पाडून रुपयाचा भाव इंग्लंडच्या १६ पेन्सांवर नेऊन ठेवायचा होता. तो गेला, चांदी मात्र खालीच राहिली. १८९६-९७ च्या दुष्काळात लंडनच्या भावाने तोळाभर चांदीचे दहा-अकरा आणेच होत होते. शेतसारा पुऱ्या रुपयांत! घरातली बाई तोडे उतरवून देते आणि तिच्या तोळ्याचा रुपया होत नाही, हे वाचून मला फार वाईट वाटतं.

आकडेमोड
दुःख खरं आहे, पण दादा, सरकारला विलायतेत दरसाल पौंड भरावे लागत. रुपया घसरेल तितके जास्त रुपये लागणार, म्हणजे कर वाढणार. तोही शेतकऱ्याच्याच माथी.

जुना_बंदा
मान्य. पण टाकसाळ बंद झाल्यावर रुपये किती पाडायचे हे एकटं सरकार ठरवू लागलं. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप नेमका तिथेच होता. रुपये पाडणं कायमचं थांबवा आणि सोन्याची टाकसाळ खुली करा, असं त्यांचं म्हणणं. १९२५ मध्ये चलन आयोगापुढे त्यांची साक्षही झाली. माझं मत त्यांच्या बाजूने आहे.

कृष्णाकाठ
आई सांगते, हे तोडे आजीच्या सासूचे. म्हणजे त्या दुष्काळातूनही ते घरात राहिले. जॉर्जचा रुपया मोडेन. तोडेही सराफाकडे नेले होते, ते परत आणलेत.