मदत हवी आहे: पिन क्लचच्या जुन्या प्रेसवर कोणता गार्ड टिकतो?

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे. गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प अशी कामं. पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या प्रेस जुन्या, 50 टनापर्यंतच्या, पायाच्या पॅडलवर चालणाऱ्या. शेजारच्या गाळ्यात नुकतीच एका पोराची दोन बोटं गेली. तेव्हापासून आमचे मालक खर्चाला तयार झालेत, आणि ही संधी वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

विकणारे लाइट कर्टन (हात आत गेला की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा) सुचवतात. पण पिन क्लच (फिरतं फ्लायव्हील पिनने शाफ्टला जोडणारा भाग) एकदा गुंतला की फेरी पूर्ण होईपर्यंत रॅम, म्हणजे वरून खाली येणारा भाग, थांबत नाही. हात आत गेल्याचं सेन्सरला कळलं तरी प्रेस थांबवणार कोण?

मग दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायच्या बटणांचा हिशोब केला. एकच पिन असेल तर बटण दाबल्यापासून रॅम खाली यायला जास्तीत जास्त दीड फेरी लागू शकते. मिनिटाला 60 स्ट्रोक, म्हणजे दीड सेकंद. हाताचा वेग नेहमी सेकंदाला 1.6 मीटर धरतात. म्हणजे रॅम खाली येण्याआधी हात पोचू नये तर बटणं डायपासून (पत्र्याला आकार देणारा साचा) 2.4 मीटर लांब हवीत! तिथून कोण काम करणार? शिवाय एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवणारे महाभाग सगळीकडेच असतात.

सध्या पॅडलवर झाकण बसवलंय, म्हणजे वरून जॉब (कामाचा तुकडा) पडला तरी स्ट्रोक बसणार नाही. क्लचची पिन आणि स्प्रिंग शिफ्टआधी बघतो, कारण स्प्रिंग तुटली तर प्रेस आपोआप दुसरा स्ट्रोक मारते. डाय बदलताना मोटर बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं आणि रॅमखाली ठोकळा, त्याशिवाय हात आत घालायचा नाही.

ब्लँकिंगला (पट्टीतून तुकडे कापायला) फक्त पट्टी जाईल एवढ्या फटीचा जाळीचा गार्ड चालतो. अडचण बेंडिंगची (वाकवण्याची) आहे, तिथे प्रत्येक जॉब हाताने ठेवावा लागतो. चिमटे दिले, पण आकडा गाठायच्या घाईत पोरं ते बाजूला ठेवतात. त्यांना तरी काय बोलणार, पगार नगावर मिळतो.

टूलरूमवाल्यांना विचारायचंय: ड्रॉवरसारखी बाहेर सरकणारी डाय, की बंद झाल्याशिवाय पॅडल चालू न देणारा आणि फेरी संपेपर्यंत न उघडणारा गार्ड? कुणी जुन्या प्रेसवर बसवलाय का? उत्पादन किती घटलं? आणि नगावरचा दर बदलून घ्यायला मालकांना कसं पटवलंत, तेही सांगा.