गिट स्टेटसला पाऊण मिनिट लागतंय, मदत हवी आहे

अर्धविराम:
नमस्कार. दोन आठवडे झाले, अक्षरशः वैतागले आहे. ऑफिसचा रेपो, म्हणजे कोडचा सगळा साठा, खूप मोठा आहे आणि कोडमधले बदल सांभाळणारं गिट रांगतंय. काय बदललं ते दाखवणारं साधं गिट स्टेटस मारलं की कर्सर नुसता लुकलुकत बसतो, ४० ते ४५ सेकंद. ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, बदलायची तर चार-पाच मिनिटं. मशीन चांगलं आहे, ३२ जीबी रॅम, एसएसडी. गिट जीसी ही साफसफाई करून झाली, काही फरक नाही. उद्या संध्याकाळी रिलीज आहे. लवकर सांगा, आगाऊ धन्यवाद.

नाशिककर_७:
मोठा म्हणजे किती? जीबी नको, फायली सांगा. गिट एलएस-फाइल्स चालवून ओळी मोजा. गिटचं व्हर्जन कोणतं? विंडोज, मॅक की लिनक्स?

खटपट्या:
शॅलो क्लोन करा, डेप्थ १, म्हणजे इतिहास सोडून फक्त शेवटच्या कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) प्रत. आमच्या बिल्ड सर्व्हरवर रेपो उतरायला ११ मिनिटं लागायची, आता ४० सेकंदांत येतो. डोळे झाकून करा.

नाशिककर_७:
खटपट्या, बिल्ड सर्व्हरवर ते बरोबरच आहे, पण यांचं दुखणं क्लोनचं नाही. स्टेटसचा वेळ जुन्या कमिटमध्ये जात नाही. ते इंडेक्समधल्या, म्हणजे गिटच्या यादीतल्या, एकेका फाइलची डिस्कवर जाऊन चौकशी करतं, बदललीस का म्हणून. मग नवीन फायली शोधायला सगळे फोल्डर पालथे घालतं. इतिहास छाटून फायली कमी होतात का? शिवाय डेप्थ १ वर ब्लेम (कोणती ओळ कोणी लिहिली) आणि लॉग (कमिटची यादी) लंगडे पडतात. रोजच्या कामाला ब्लॉब-नन फिल्टर लावून पार्शल क्लोन घ्यावं: कमिट सगळे येतात, जुन्या फायलींचा मजकूर लागेल तेव्हा उतरतो.

खटपट्या:
आणि नेट नसताना तोच ब्लेम अडून बसतो, तेही सांगा ना. ट्रेनमध्ये काम करणाऱ्याला विचारा.

जुना_गडी:
मुळात एवढा मोठा रेपो ठेवायचाच कशाला? मॉड्यूलवार वेगळे करा. आम्ही एसव्हीएन या जुन्या सिस्टिममध्ये हवा तेवढाच फोल्डर चेकआउट करायचो, कधी तक्रार नव्हती.

नाशिककर_७:
दादा, हव्या त्याच फोल्डरचं काम गिटमध्ये स्पार्स-चेकआउट करतं, २.२५ पासून त्याची वेगळी कमांड आहे. मोठ्या रेपोचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचा सोर्स गिटवर आणला: सुमारे ३५ लाख फायली, ३०० जीबी. त्यासाठी त्यांना वेगळी व्हर्च्युअल फाइल सिस्टिम लिहावी लागली हे खरं. त्याच खटाटोपातून पुढे मोठ्या रेपोंसाठीचं स्केलर हे साधन आलं, आणि २.३८ पासून ते गिटबरोबरच मिळतं. उद्या रिलीज असताना रेपो फोडा हा सल्ला मला पटत नाही.

अर्धविराम:
१,१८,००० फायली. व्हर्जन २.४३. उबुंटू.

काजवा:
कोअर-एफएसमॉनिटर ट्रू करा, कोणत्या फायली बदलल्या यावर तो नजर ठेवतो. माझ्या मॅकवर जादू झाली.

नाशिककर_७:
तो अंगभूत एफएसमॉनिटर २.३७ मध्ये आला तो विंडोज आणि मॅकसाठी, यांच्या उबुंटूवर उपयोग नाही. नवीन फायलींचा शोध लक्षात ठेवणारं अनट्रॅक्ड-कॅश मात्र जरूर लावा. पण ताई, लाख-सव्वालाख फायलींना लिनक्सवर, तेही एसएसडीवर, ४० सेकंद? काहीतरी वेगळंच आहे. तुम्ही कोणत्या फोल्डरमध्ये आहात ते सांगणारी पीडब्ल्यूडी कमांड मारून काय येतं ते इथे डकवा.

अर्धविराम:
स्लॅश एमएनटी स्लॅश सी स्लॅश प्रोजेक्ट्स, पुढे आमचं फोल्डर. लॅपटॉप विंडोजचा आहे, उबुंटू डब्ल्यूएसएल २ मध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत, आहे. हे महत्त्वाचं असेल असं वाटलं नाही.

रात्रपाळी:
इथेच आहे सगळं. डब्ल्यूएसएल २ मधून सी ड्राइव्हवरची फाइल ९पी प्रोटोकॉलने येते. दर फाइलमागे विंडोजकडे हेलपाटा, म्हणजे एका स्टेटसला लाखावर हेलपाटे. रेपो लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये न्या. फोल्डर उचलून कॉपी करू नका, परवानग्यांचा आणि सीआरएलएफचा (ओळीच्या शेवटच्या खुणांचा) घोळ सोबत येतो. नवीन क्लोन घ्या. मात्र त्याआधी गिट स्टॅश लिस्ट बघा. स्टॅश, म्हणजे कमिट न करता बाजूला ठेवलेलं काम, क्लोनबरोबर येत नाहीत. असतील तर एकेक गिट स्टॅश ब्रँचने बाहेर काढा, कमिट करा, सर्व्हरवर पुश करा आणि मगच जुन्या फोल्डरला हात लावा. माझं एकदा तीन दिवसांचं काम असं गेलंय.

जुना_गडी:
विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसमधून प्रोजेक्टचा फोल्डर वगळा, तोही खूप वेळ खातो.

रात्रपाळी:
ऑफिसच्या मशीनवर आयटीला विचारल्याशिवाय नको.

वडाची_पारंबी:
अवांतर: मुलगी यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जाणार आहे. लॅपटॉपला १६ जीबी रॅम पुरेल का?

अर्धविराम:
रात्रपाळी, तीन स्टॅश निघाले. एकात सोमवारचं अख्खं काम होतं, मी पार विसरले होते. तिन्ही पुश केले. नवीन क्लोनवर स्टेटस १.३ सेकंद!! पण व्हीएस कोड या एडिटरमधून फोल्डर उघडला की परत तेच रखडणं.

खटपट्या:
पारंबीताई, १६ पुरेल. एसएसडी मात्र ५१२ च्या खाली घेऊ नका.

रात्रपाळी:
व्हीएस कोडच्या खाली डाव्या कोपऱ्यात 'डब्ल्यूएसएल: उबुंटू' दिसतंय का? नसेल तर विंडोजमधलं गिट उलट्या दिशेने तेच हेलपाटे घालतंय. डब्ल्यूएसएलचं एक्स्टेन्शन टाका, टर्मिनलमध्ये रेपोच्या फोल्डरमध्ये जा आणि तिथून 'कोड' लिहून, एक जागा सोडून टिंब द्या.

अर्धविराम:
नव्हतं दिसत. आता दिसतंय. ब्रँच सहा सेकंदांत बदलली, दोनदा करून बघितली. मनापासून आभार, नाशिककर तुमचेही. टीममध्ये अजून चौघांचे रेपो सी ड्राइव्हवरच आहेत. त्यांच्याकडे जाते, आधी स्टॅश तपासायला सांगते.