'क्लास नॉट फाउंड' आला की डंप-ऑटोलोड मारा: हा सल्ला पुरे झाला

कलमवाला_देवगड: काल इथे कुणीतरी लिहिलं, "क्लास नॉट फाउंड दिसलं की कंपोझर डंप-ऑटोलोड मारा, विषय संपला." नाही संपत! (क्लास नॉट फाउंड म्हणजे पीएचपीला क्लास, म्हणजे कोडचा नाव दिलेला तुकडा, सापडत नाही. कंपोझर हे पीएचपीची पॅकेजेस सांभाळणारं साधन, आणि डंप-ऑटोलोड ही क्लास कुठे शोधायचा ते नव्याने लिहून काढणारी त्याची आज्ञा.) एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, आमच्या हापूसच्या बुकिंगची लाराव्हेलमधली (पीएचपीची तयार चौकट) साइट सर्व्हरवर चढवली. घरच्या विंडोजवर मस्त चालत होती. सर्व्हरवर पहिल्याच ऑर्डरला एरर 500. तीनदा डंप-ऑटोलोड मारलं, काही उपयोग नाही. रात्री दोनला दिसलं: क्लासचं नाव हापूसपेटी, त्यातला 'पेटी'चा पी कॅपिटल, फाइलच्या नावात तोच स्मॉल. पीएसआर-4 या पीएचपीच्या नियमात क्लासच्या नावावरूनच फाइलचा पत्ता ठरतो. विंडोजला लहानमोठ्या अक्षराचं काही नसतं, सर्व्हरवरच्या लिनक्सला असतं.

वाशिष्ठीकाठ: सल्ल्याला कशाला दोष? क्लासमॅप (कुठला क्लास कुठल्या फाइलमध्ये याची यादी) ऑथॉरिटेटिव्ह केला असेल, म्हणजे फक्त त्या यादीतच शोधायचं ठरवलं असेल, तर नवा क्लास डंप-ऑटोलोड केल्याशिवाय सापडतच नाही. लाराव्हेल 8 च्या आधी सीडरही (डेटाबेसमध्ये सुरुवातीचा डेटा भरणारे क्लास) क्लासमॅपवरच होते, तेव्हा रोज मारायचो. तुमची खरी चूक मराठी नावं. सरळ 'बॉक्स' लिहायचं.

कलमवाला_देवगड: बॉक्स म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे पाच डझनाची पेटी वेगळी, एक डझनाचा खोका वेगळा. भाव वेगळा, पॅकिंग वेगळं. दोन्हींना बॉक्स म्हणून गिऱ्हाइकाला काय पाठवू? आंब्याचा धंदा आम्ही करतो, तुम्ही नाही.

मालवण_किनारा: भाऊ, चिडू नका, पण त्यांचं थोडं बरोबर आहे. आमच्या होमस्टेच्या कोडमध्ये 'न्याहारी' तिघांनी तीन स्पेलिंगांत लिहिलं. कुणी एक ए, कुणी दोन, कुणी वायच्या जागी आय. दोन दिवस गेले शोधण्यात.

कलमवाला_देवगड: मग स्पेलिंगचा एक तक्ता भिंतीवर लावा. पेटीला पेटीच म्हणणार.

वाशिष्ठीकाठ: म्हणा. पण फाइलचं नाव दुरुस्त करून गिटने (कोडचे बदल नोंदवणारं साधन) पुश केलंत, म्हणजे वर पाठवलंत, तरी सर्व्हरवर जुनंच राहिलं असेल, हो ना?

कलमवाला_देवगड: ...हो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

वाशिष्ठीकाठ: विंडोजवर गिट नुसता केसचा (लहानमोठ्या अक्षराचा) बदल धरत नाही. नाव बदलायला गिट एमव्ही ही आज्ञा वापरा. आणि डंप-ऑटोलोड मारताना ऑप्टिमाइझ हा पर्याय लावा. कंपोझर 2 नाव न जुळणारी फाइल वगळतो आणि तसं स्पष्ट लिहितो. तुम्ही ती ओळ वाचली नसणार.

कलमवाला_देवगड: ऑप्टिमाइझ लावलंच नव्हतं. एवढं मान्य. पण "विषय संपला" लिहिणाऱ्याने हे सांगायला हवं होतं की नाही?