आयर्विन पूल पाडायचा की पूररेषेतली वस्ती हलवायची?

गावभागकर:
सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशेजारी समांतर पूल झाल्यापासून 'जुना पाडून टाका' असा सूर निघतोय. माझा ठाम विरोध. 1929 साली, चिंतामणराव पटवर्धनांच्या संस्थानकाळात झालेला हा पूल. 2005, 2019, 2021, तिन्ही महापूर त्यानं अंगावर घेतले. पावसाळ्यात सांगलीत पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" 40 फूट इशारा, 45 धोका. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं होतं. मारुती चौकातला दुकानदार याच आकड्यावर माल वर चढवतो. पाडायचंच असेल तर ओतातली, म्हणजे पुराचं पाणी पसरतं त्या नदीकाठच्या सखल जागेतली, नवी बांधकामं पाडा. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर: धोक्याच्या पातळीच्या कितीतरी आधी तिथं पाणी शिरतं. नदीच्या हक्काच्या जागेत मुरूम टाकून प्लॉट पाडलेत.

प्लॉटधारक:
पाडा म्हणायला काय जातंय! गावभागात, जुन्या सांगलीत, जागा परवडली असती तर ओतात कोण आलं असतं? हमाल, रिक्षावाले, एमआयडीसीतले कामगार, सगळ्यांनी गुंठा-गुंठा घेऊन घरं बांधली. असे गुंठ्यांचे प्लॉट नियमित करणारा 2001 चा गुंठेवारी कायदा सरकारनंच केला. घरपट्टी घेता, नळ देता आणि पूर आला की आम्ही अतिक्रमणवाले? 2019 ला पाणी ओसरल्यावर आमच्या घरात पोटरीएवढा गाळ होता. गाद्या, धान्य, पोरांची पुस्तकं, सगळं रस्त्यावर ओतलं. दर जुलैत फ्रिज उचलून माळ्यावर ठेवायची हौस नाही आम्हाला.

सांगलवाडीकर:
दोघंही पुलाकडं भावनेनं बघताय. दगडी खांब जाडजूड, पाण्याला तेवढी वाट कमीच. त्यात नव्या पुलाचे खांब आले. आधी कुणीतरी याचा नीट अभ्यास करावा. आणि खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची 519 वरून 524 मीटर करायचा कर्नाटकचा आग्रह आहे, त्याचं पाणी मागं फुगायची भीती आहे, त्यावर इथं एक अक्षर नाही?

गावभागकर:
अलमट्टीला विरोध हवाच, पण म्हणून ओतात भराव टाकायची मुभा मिळत नाही. पुलाच्या कमानींतून पाणी अजून जातं. भराव टाकलेल्या प्लॉटात जिरायला, पसरायला जागाच उरत नाही. राहतं घर कुणाचं मोडू नका, नवी परवानगी मात्र आजपासून बंद करा. आणि जुन्या पुलावर फक्त पायी आणि सायकलनं जाऊ द्या.

प्लॉटधारक:
परवानगी बंद करा, माझी ना नाही. पण आमची घरं हलवायची वेळ आली तर गावाबाहेर दहा किलोमीटरवर फेकू नका. पोरांची शाळा आणि मार्केट यार्डातलं काम दोन्ही चालू राहील, अशी जागा आधी दाखवा. मग बोलू.