सोनी ए6700 साठी टेलिझूम: सोनी 200-600 की सिग्मा / टॅमरॉन?

पाणलावा:
नमस्कार मंडळी. बॉडी सोनी ए6700. हिवाळ्यात भिगवणला होडीतून पक्षी आणि उन्हाळ्यात ताडोबा, असा वापर होणार आहे. तीन लेन्स डोक्यात आहेत: सोनी 200-600 जी, सिग्मा 150-600 स्पोर्ट्स (डीजी डीएन) आणि टॅमरॉन 150-500. दुकानदार म्हणतो, सोनीच्या बॉडीला सोनीचीच लेन्स लावा, बाकीच्यांचा फोकस मागे पडतो. हे कितपत खरं? ट्रायपॉड फारसा वापरणार नाही.

धोबीपक्षी:
त्यात तथ्य आहे, पण ते तुमच्या बॉडीला लागू होत नाही. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सला सोनी सेकंदाला जास्तीत जास्त 15 फ्रेम देते. ए1 च्या 30 किंवा ए9-3 च्या 120 फ्रेम हव्या असतील तर सोनीचीच लेन्स लागते. ए6700 मुळात 11 च्या वर जात नाही, म्हणजे ही मर्यादा तुम्हाला कधी जाणवणारच नाही. पक्ष्याचा डोळा ओळखणं हे बॉडीचं काम आहे, ते तिन्ही लेन्सवर चालतं.

खरा फरक टेलिकन्व्हर्टरचा (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग). सोनीचा 1.4 एक्स फक्त सोनीच्या 200-600 वर बसतो (280-840 मिमी, एफ/8-9; हा एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). सिग्माचे कन्व्हर्टर एल-माउंटसाठी (लेन्स बसवायची वेगळी पद्धत) आहेत, सोनीच्या ई-माउंटच्या या लेन्सला नाहीत. टॅमरॉनलाही नाही. पण ए6700 च्या एपीएस-सी सेन्सरवर (फुलफ्रेमपेक्षा लहान) 600 मिमी म्हणजे फुलफ्रेमच्या 900 मिमीएवढा कोन. सकाळच्या उजेडात एफ/9 वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटो दाणेदार होतो) किती चढेल ते बघा. माझ्या मते तुम्हाला कन्व्हर्टरची गरज नाही.

आता हातात धरायचं बोलू. सोनी आणि सिग्मा दोन्ही साधारण 2.1 किलो, टॅमरॉन कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) काढून 1,725 ग्रॅम. बॉडी अर्ध्या किलोची, त्यामुळे सगळा भार डाव्या हातावर येतो. सोनीचा झूम आतल्या आत होतो, नळी लांबत नाही, तोल तोच राहतो आणि रिंग थोडी फिरवली की 200 वरून 600. सिग्माची नळी बाहेर येते, पण हूड धरून सरळ पुढे-मागे ओढता येते, आणि रिंग घट्ट की सैल ठेवायची त्याचा स्विच आहे. टॅमरॉनची रिंग पुढे सरकवली की हव्या त्या फोकल लेंग्थला झूम लॉक होतो. होडीत उठबस करताना हे फार कामाचं आहे. शिवाय टॅमरॉन 150 मिमीला 60 सेंटिमीटरवर फोकस करते, सोनीला 2.4 मीटर लागतात. चतुर, फुलपाखरं टिपायची असतील तर हा फरक मोठा आहे.

बाजारात आल्या तेव्हा अमेरिकेत सोनी 1,999 डॉलर, सिग्मा 1,499, टॅमरॉन 1,399 होती. ट्रायपॉडशिवाय वापर असेल तर मी टॅमरॉनच सांगेन.

काचमणी:
धोबीपक्षींशी बऱ्याच अंशी सहमत, पण पुढे ए1 वगैरे घ्यायचा विचार पक्का असेल तर आजच सोनी घ्या. लेन्स विकून पुन्हा घेण्यात पैसे जातात.

ताडोबाचं मात्र वेगळं गणित आहे. जिप्सीपासून 10 मीटरवर वाघ आडवा उभा असेल, तर ए6700 वर 200 मिमीला फ्रेममध्ये जेमतेम 1.2 मीटर रुंदी मावते, 150 ला 1.55 मीटर. अख्खा वाघ दोन्हीत मावत नाही. तिथे सोनीची 70-350 जी जवळ हवी: 625 ग्रॅम वजन, 70 मिमीला त्याच अंतरावर सव्वातीन मीटर मावतात. टॅमरॉन घेतलीत तर वाचलेले पैसे तिकडे लावा.

एक काळजी घ्या. बाहेर येणाऱ्या नळीवर ताडोबाची धूळ किंवा पावसाचे थेंब बसले असतील तर आधी कापडाने पुसा, मगच झूम मागे घ्या. ओली नळी तशीच आत गेली की दमटपणा आत राहतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. सोनीच्या 200-600 ला हा त्रास नाही.

ट्रायपॉडवाला:
कंपनी कुठलीही असो, नग तपासून घ्या. लांब झूममध्ये एखादं भिंग किंचित तिरकं बसलेलं असलं की फ्रेमची एक बाजू सॉफ्ट येते. सकाळी तपासा, दुपारी झळांमुळे चांगली लेन्सही वाईट दिसते. ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, 2 सेकंदांचा टायमर, सगळ्यात लांब फोकल लेंग्थ, पूर्ण उघडा ॲपर्चर. 15-20 मीटरवर छापील मजकुराचा कागद लावा, तो फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणा आणि दर वेळी तिथेच फोकस करा. चारही कोपरे सारखे सॉफ्ट असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा किंवा एकच बाजू बिघडलेली दिसली तर नग परत करा. बिल भारतातल्या अधिकृत वितरकाचंच घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

पाणलावा:
आभार सगळ्यांचे. टॅमरॉनकडे कल झालाय. फक्त 500 आणि 600 मधला फरक खटकतोय, शिवाय एफ/6.7.

धोबीपक्षी:
6.3 आणि 6.7 मधला फरक पाव स्टॉपही नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), तो विसरा. ए6700 चा सेन्सर 26 मेगापिक्सेलचा. 500 चा फोटो 600 इतका क्रॉप केला तरी 18 उरतात, ए3 प्रिंट 300 डीपीआयला निघते. त्याहून जास्त क्रॉप करावा लागत असेल तर नावाड्याला होडी थोडी पुढे घ्यायला सांगा, पण पक्षी मान वर करून बघायला लागले की तिथेच थांबवा. उडत्या पक्ष्याला 1/2000 शटर ठेवा, बसलेल्याला 1/500 पुरतो.